पानावर न टिकलेले औषध कुणाच्या अंगावर जाते?

कपाशीवर दोन फवारे झाले तरी तुडतुडे आणि पांढरी माशी हलली नाही, की कास्तकार म्हणतो, "औषध हलके निघाले." कृषी केंद्रवाला दुसरी बाटली काढून देतो. पुढच्या वेळी पंपात एका झाकणाऐवजी दोन झाकणे पडतात, कधी दोन-तीन औषधे एकत्र होतात. पंप तोच असतो आणि तो ज्याच्या पाठीवर असतो तो माणूसही तोच असतो. बहुतेक वेळा तो आपल्या वस्तीतला असतो.

औषध हलके होते का, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. आम्हाला आधी दुसरे विचारायचे आहे. पंपातून निघालेल्या औषधापैकी पानावर टिकले किती? जे टिकले नाही ते कुठे तरी गेलेच आहे. काही जमिनीत मुरले, काही वाऱ्यावर गेले आणि काही फवारणाऱ्याच्या छातीवर, मांड्यांवर, पाठीवर बसले. आरोग्याच्या सदरात शेतीची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. फवारणीच्या दिवसांत गरगरते, मळमळते म्हणून दवाखान्यात येणाऱ्या मजुराचा आजार शेतातल्या पानावरून सुरू झालेला असतो, म्हणून आम्ही पानापासून सांगतो आहोत.

पान पाणी का झटकते

अळूच्या पानावर पाणी टाकून बघा. पाण्याचे मोती होतात आणि पान जरा कलले की घरंगळून जातात. पान कोरडेच्या कोरडे. कमळाच्या पानाचेही तसेच. जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये याचे कारण नीट दाखवून दिले. पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे कण असतात. थेंब त्या टोकांवर तरंगत राहतो, खाली हवाच असते.

सगळ्याच पिकांच्या पानांवर मेणाचा थर असतो, कुठे जाड, कुठे पातळ. कोबी, कांदा, लसूण यांच्यावर तो जास्त. कोबीचे पान बोटाने चोळले की पांढुरकी झाक निघून येते, ती हीच. कपाशीचे पान त्या मानाने लवकर ओले होते. पण कपाशीत अडचण वेगळी आहे. तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे यांचा मुक्काम पानाच्या खालच्या बाजूला असतो आणि फवारा पडतो वरच्या बाजूला.

आता पाण्याकडे बघू. पाण्याला स्वतःला गोळा करून ठेवण्याची ओढ असते. तिला पृष्ठताण म्हणतात. पाण्याचा थेंब गोल राहतो तो या ओढीमुळे. जोरात आलेला थेंब पानावर आदळला की पोळीसारखा पसरतो, मग हीच ओढ त्याला परत गोळा करते आणि त्या आक्रसण्याच्या झटक्यात थेंब वर उडी मारतो. हे सगळे सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आत घडते. आपल्याला दिसते ते एवढेच, की फवारा मारला आणि खालची माती ओली झाली.

मोठा थेंब, बारीक थेंब

थेंब मोठा असला तर तो उडतो किंवा ओघळतो. शिवाय त्यात औषध वाया जाते, कारण दुप्पट जाडीच्या एका थेंबात आठ लहान थेंबांएवढे द्रावण असते. ते आठ थेंब आठ ठिकाणी बसले असते, हा एकाच ठिकाणी बसतो आणि बऱ्याचदा तिथेही राहत नाही.

मग थेंब जितका बारीक तितका चांगला का? नाही. एक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा थेंब ३ मीटर उंचीवरून स्थिर हवेत खाली यायला दहा सेकंदांच्या आसपास घेतो. पन्नासाव्या हिश्शाएवढा थेंब घेतो सुमारे चार मिनिटे. चार मिनिटांत साधी झुळूकही त्याला धुऱ्यापलीकडे नेते, नाहीतर फवारणाऱ्याच्या नाकातोंडात घालते. बॅटरीच्या आणि पेट्रोलच्या पंपांनी काम झपाट्याने होते. पण दाब जास्त आणि नोझलचे छिद्र बारीक असले की धुके तयार होते आणि माणूस त्या धुक्यातून चालत राहतो.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत जे झाले ते आपण विसरलेलो नाही. कपाशी फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. त्यात कास्तकार होते आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणारेही होते. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, दाटही होती. डोक्याएवढ्या पऱ्हाटीवर नळी वर धरून मारावे लागत होते. नळी वर धरली की जे पानावर टिकत नाही ते सरळ चेहऱ्यावर येते. त्यात एकापेक्षा जास्त औषधे मिसळलेली आणि नवे जोरदार पंप. तेव्हा चर्चा झाली ती औषधांच्या नावांची आणि मजुराने हातमोजे घातले नव्हते याची. उंच पीक, वर धरलेली नळी आणि अंगावर येणारा फवारा यांच्यावर फारसे कुणी बोलले नाही.

स्टिकर म्हणजे काय

कृषी केंद्रात 'स्टिकर' किंवा 'स्प्रेडर' नावाची बाटली मिळते. साबणाच्या जातीचे ते द्रव असते. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे मेणाला, तेलाला. पाण्यात ते थोडे पडले की पाण्याची ती गोळा होण्याची ओढ निम्म्याहून कमी होते. थेंब मोत्यासारखा न राहता पानावर पसरतो. काही स्टिकरमध्ये चिकट पदार्थही असतो, त्यामुळे वाळलेले औषध पावसाने लवकर धुऊन जात नाही.

घरी करून बघण्यासारखे आहे. कोबीची दोन पाने घ्या. एकावर साध्या पाण्याचे थेंब टाका, दुसऱ्यावर भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्याचे. फरक लहान मुलालाही कळतो. आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही हे करतो. औषधाची बाटली त्यासाठी उघडावी लागत नाही.

मग कुणी विचारते, फवारणीतही भांड्याचा साबण, निरमा पावडर, शॅम्पू घातला तर काय बिघडते? बिघडते. कपडे धुण्याच्या पावडरीने पाणी खारट-क्षारी होते. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांच्या जातीची औषधे क्षारी पाण्यात फुटतात, त्यांचा जोर कमी होतो. किडे मेले नाहीत की पुन्हा "औषध हलके होते" आणि पुन्हा दोन झाकणे. गूळ घालणारेही आहेत. गुळाने द्रावण चिकट लागते, पण पाण्याची ओढ त्याने कमी होत नाही, आणि वाळल्यावर त्यावर मुंग्या आणि काळी बुरशी येते.

विकतचे स्टिकरही मोजूनच घालायचे असते. बहुतेक बाटल्यांवर एका लिटरला अर्धा ते एक मिलिलिटर असे लिहिलेले असते. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साडेसात ते १५ मिलिलिटर. हे झाकणाने मोजता येत नाही. सुई काढलेली १० मिलिलिटरची सिरिंज औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते, ती फवारणीच्या सामानातच ठेवावी, घरात कदापि नाही. जास्त स्टिकर घातले तर थेंब इतका पातळ पसरतो की पानावरून पडद्यासारखा खाली गळतो. पानेही करपतात. काही औषधांत हे द्रव कारखान्यातच घातलेले असते, वरून घालायची गरज नसते. बाटलीबरोबरच्या कागदावर ते लिहिलेले असते. तो कागद फार बारीक अक्षरांत असतो, म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. पण वाचल्याशिवाय पंप भरू नका.

आणखी एक सवय मोडायला हवी. "पान न्हाऊन निघाले पाहिजे" असे सांगून मजुराकडून फवारणी करून घेतात. पान जेवढे द्रावण धरू शकते तेवढे त्याने धरले की पुढचा प्रत्येक थेंब आधीच्या थेंबांना ओढून घेऊन खाली जातो. पानाच्या टोकावरून पाणी गळायला लागले म्हणजे फवारणी चांगली झाली असे नाही, औषध मातीत जायला लागले आहे.

प्रयोगशाळेत काय चालले आहे

साध्या साबणी द्रवाची एक मर्यादा आहे. थेंब आदळून उडेपर्यंतचा वेळ इतका थोडा असतो की साबणाच्या कणांना नव्या पृष्ठभागावर पोहोचायलाच सवड मिळत नाही. फ्रान्समध्ये व्हान्स बर्जेरॉन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवले, की लांब साखळीसारखे रेणू अगदी थोड्या प्रमाणात पाण्यात घातले तर थेंबाचे आक्रसणे मंदावते आणि तो उडत नाही. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत कृपा वाराणसी आणि माहेर दमाक यांच्या गटाने २०१६ मध्ये वेगळी युक्ती मांडली. दोन फवारे एकाच वेळी मारायचे. एकात धन विद्युतभाराचे रेणू, दुसऱ्यात ऋण भाराचे. पानावर दोन्ही थेंब भेटले की बारीक साका तयार होतो आणि तो थेंबाला जागेवर धरून ठेवतो. यामुळे औषध दहाव्या हिश्शापर्यंत कमी करता येईल, असा त्यांचा अंदाज होता. पुढे याच संस्थेत थेंबाला तेलाचे अतिशय पातळ आवरण देऊन तो पानावर टिकवण्याचेही काम झाले.

हे संशोधन चांगले आहे. दहा झाकणांच्या जागी एक झाकण पुरले तर पाठीवरच्या पंपात विषही दहाव्या हिश्शाचे. पण कास्तकाराचा खर्च वाचतो हे जसे मोजले जाते, तसे मजुराच्या रक्तात किती कमी गेले हेही कुणीतरी मोजले पाहिजे. आणि दुकानात आलेली प्रत्येक नवी बाटली आधीच्या बाटलीच्या जागी न येता तिच्याबरोबर पंपात पडते, हा आपला अनुभव आहे.

आपली कातडीही तेलकट आहे

स्टिकरची बाटली म्हणजे नुसता साबण, असे समजून हाताने ढवळणारे आम्ही पाहिले आहेत. जे द्रव पानाच्या मेणातून औषधाला वाट करून देते, ते माणसाच्या कातडीवरच्या तेलकट थरालाही सैल करते. त्याच्या संगतीत औषध आत शिरायला सोपे जाते. काही स्टिकर तर स्वतःच अपायकारक असतात. ग्लायफोसेट या तणनाशकात घातले जाणारे एक चरबीपासून बनवलेले द्रव युरोपीय संघाने २०१६ मध्ये त्या तणनाशकातून काढून टाकायला लावले.

अंगावर सगळीकडून औषध सारखे आत जात नाही. पॅराथिऑन या कीटकनाशकाचा माणसाच्या त्वचेवर अमेरिकेत अभ्यास झाला होता. मनगट ते कोपर या भागातून जेवढे आत जाते ते एक धरले, तर पोटाच्या कातडीतून दुप्पट, डोक्याच्या कातडीतून साडेतीन पटीहून जास्त, कपाळातून चौपटीहून जास्त आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ बारा पट जाते. आता गळका पंप डोळ्यांसमोर आणा. झाकणातून सांडलेले पाठीवरून उतरते, कमरेला चड्डीच्या नाडीपाशी थांबते आणि जांघेत मुरते. दिवसभर ते ओले कापड तिथेच असते. माणसे लाजेने हे सांगत नाहीत, आम्हीही फार उशिरापर्यंत कुणाच्या तोंडून ऐकले नाही. पंप गळत असेल तर तो उचलू नका, मालकाला वायसर बदलायला लावा. हा पैशाचा प्रश्न नाही, वायसर किरकोळ किमतीत मिळते.

घरातल्या बायांबद्दल कुणीच लिहीत नाही. ड्रमात पाणी आणून टाकणे, औषध कालवणे, पंप भरून देणे हे काम त्यांच्याकडे असते, आणि तेव्हा औषध पातळ झालेले नसते. अस्सल बाटलीतला एक थेंब पंपातल्या वाटीभर द्रावणाएवढा असतो. संध्याकाळी ते कपडे हाताने धुवायचेही त्यांच्याचकडे. पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी बाई यांना या कामापासून पूर्ण लांब ठेवा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. हातात रबरी मोजे घालून, साबणाने, वेगळ्या बादलीत धुवा.

शेतात काय करता येईल

औषध कोणते आणायचे हे मजूर ठरवत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. बऱ्याच ठिकाणी मजुरी पंपाच्या हिशेबाने मिळते, म्हणून घाईही असते. तरी काही गोष्टी पंप पाठीवर असलेल्याच्या हातात राहतात.

पहिला पंप नुसत्या पाण्याचा मारा. स्वच्छ धुतलेल्या पंपात पाणी भरा, दोन-तीन झाडांखाली जुने वर्तमानपत्र पसरा आणि रोजच्यासारखे फवारा. कागद चिंब झाला तर तेवढे औषध मातीत जाणार होते. नळी जवळ असेल तर जरा लांब धरा, चालीचा वेग बदला, नोझल झिजले असेल तर बदलून मागा. मालकाला तो ओला कागद दाखवा. औषधाचे पैसे कुठे जातात ते त्याला शब्दांपेक्षा लवकर दिसते. आमच्या ओळखीच्या एका मजुराने हे केले तेव्हा मालकाने दुसऱ्या दिवशी नवे नोझल आणून दिले.

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, वारा मंद असताना फवारा. वारा बाजूने यायला हवा आणि फवारलेली ओळ मागे राहायला हवी, म्हणजे ओल्या पऱ्हाटीत शिरावे लागत नाही. पीक खांद्याच्या वर गेले असेल तर पाठीवरच्या पंपाने मारायला नकार द्या. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका, गवताची काडी वापरा.

विदर्भातल्या उन्हात पायापासून डोक्यापर्यंत प्लास्टिकचा पोशाख घालून कुणी चार तास काम करू शकत नाही. तो दिला नाही की मालक सुटत नाही आणि घातला नाही की मजूर दोषी होत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्याला योग्य कपड्यांचे संरक्षण असावे असे लिहिलेले आहे, ते मागून घ्या. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, लांब पँट, रबरी हातमोजे, बूट आणि डोळ्यांना चष्मा असावा. त्यावर पाठीवर पंपाखाली आणि पुढे छातीपासून गुडघ्यापर्यंत नवा प्लास्टिकचा कागद बांधा. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की तो विषाची पट्टी होतो, तो लगेच काढा.

दुपारी भाकरी खाण्याआधी आणि विडी-तंबाखू घेण्याआधी साबणाने हात धुवा. साबण हवाच. पावसाने निघू नये म्हणून चिकटवलेले औषध नुसत्या पाण्याने कातडीवरून निघत नाही.

त्रास झाला तर

डोके दुखणे, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी, धूसर दिसणे, पोटात पिळवटणे, छाती दाटणे, अंगाचे स्नायू फडफडणे, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, ही लक्षणे दिसली की काम तिथेच थांबवा. काही औषधांची बाधा रात्री घरी गेल्यावर चढते, म्हणून फवारून आलेल्या माणसाला एकटे झोपू देऊ नका. "ऊन लागले असेल" म्हणून कांदा फोडत बसू नका.

माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत न्या. सगळे कपडे काढा, लाज बाजूला ठेवा. डोक्यापासून पायापर्यंत साबण आणि भरपूर पाणी, बादल्यांवर बादल्या. धुणाऱ्याने स्वतःच्या हातांत मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. दूध, तूप, लिंबाचे पाणी पाजू नका, उलटी करवू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा आणि बाटली, निदान तिच्यावरचा कागद, पिशवीत बांधून बरोबर न्या. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांवर अ‍ॅट्रोपिन चालते, दुसऱ्या औषधांवर उपचार वेगळा असतो. पंपात स्टिकर आणि टॉनिक होते तर तेही सांगा. डॉक्टर विचारत नाहीत, आपणच सांगायचे.

दाखल होताना कागदावर काय लिहिले जाते तेही बघा. औषध अंगात कसे गेले, या रकान्यात घाईघाईने 'विष घेतले' असे लिहिले जाते आणि पोलिसांच्या कागदातही तेच उतरते. 'फवारणी करताना कातडीतून व श्वासातून' असे लिहून घ्या, शेत कुणाचे आणि तारीख कोणती तेही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरली जाते, पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबासाठी आहे. भूमिहीन मजुराकडे सातबारा नसतो. त्याच्याकडे दवाखान्याचा हा एकच कागद असतो.